मठ, मदरसा, मिशन, पाठशाळा: तिथं राहणाऱ्या मुलांना कायद्याचं कोणतं संरक्षण आहे?

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराचा प्रकार बाहेर आला आणि सगळं राज्य हादरलं. लगोलग शालेय शिक्षण विभागानं आदेश काढला. शाळेत सीसीटीव्ही बसवा, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी करून घ्या, तक्रारपेटी लावा, सखी सावित्री समिती नेमा, असं त्यात होतं. आदेश गरजेचाच होता. पण आपल्या सातारा-सांगलीत अशीही मुलं आहेत, जी रात्री ज्या छताखाली झोपतात त्याला सरकारी कागदावर शाळा म्हणत नाहीत.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास घरं रिकामी व्हायला लागतात. कोणी ऊसतोडीला जातं. विटा-खानापूरकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाई कारागीर तर पार दिल्ली-कोलकात्यापर्यंत पसरलेत. मूल मागं राहतं. आजी थकलेली असते. मग कोणीतरी सुचवतं की अमुक महाराजांकडे ठेवा, दोन वेळचं जेवण आहे, हरिपाठ-पखवाज शिकेल, वळण लागेल. दुसऱ्या घरात हाच सल्ला मदरशाचा असतो, तिसऱ्या घरात वेदपाठशाळेचा, चौथ्या घरात मिशनच्या वसतिगृहाचा. आईबाप विश्वासानं मूल सोपवतात, आणि बहुतेक ठिकाणी तो विश्वास सार्थही ठरतो. जिथं तो मोडतो तिथं मात्र घरच्यांना कळतच नाही की आता करायचं काय, जायचं कुणाकडे आणि अशा जागेला कायदा लागू तरी होतो का. या लेखात तेवढंच समजून घेऊ.

अशा संस्थेवर देखरेख कुणाची?

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 17 मध्ये मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. मात्र 2012 च्या दुरुस्तीनं मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यत्वे धर्माचं शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्यातून वगळल्या. त्यामागे कारण होतं. तिथं काय शिकवावं आणि कोण किती टक्के प्रवेश घेईल, यात सरकारनं पडू नये अशी ती मागणी होती. पण त्याबरोबर गटशिक्षणाधिकाऱ्यांची नियमित फेरीसुद्धा गेली.

उरतं काय? पाटीवर रंगवलेला ट्रस्टचा नोंदणी क्रमांक. तो धर्मादाय आयुक्तांकडचा. विश्वस्त कोण, हिशेब लिहिले का, मालमत्ता कुणाच्या नावावर, हे ते कार्यालय पाहतं. मुलं रात्री कुठं झोपतात, त्यांच्या खोलीत कोण जातं, हे पाहणं त्याचं काम नाही. पाटीवरचा क्रमांक वाचून पालकाला वाटतं की संस्था तपासलेली आहे. तशी ती तपासलेली नसते.

आणखी एक कायदा बाल न्याय अधिनियमाचा, 2015 चा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं जिथं ठेवली जातात त्या प्रत्येक संस्थेनं या कायद्याखाली नोंदणी करणं सक्तीचं आहे. नोंदणी न करता संस्था चालवली तर वर्षभरापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पळवाट इथंच निघते. संस्थाचालक म्हणतात, आमची मुलं निराधार नाहीत, त्यांचे आईबाप आहेत, आम्ही फक्त शिकवतो. काही ठिकाणी हे खरंही असतं. पण आईबाप सहा महिने फडावर आणि मूल सहा महिने संस्थेत, अशी स्थिती असेल तर त्या मुलाची काळजी कोण घेतंय हे जिल्हा बाल संरक्षण कक्षानं जाऊन बघायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. महिला व बालविकास खात्याचा हा कक्ष प्रत्येक जिल्ह्यात असतो. साताऱ्यात आहे, सांगलीतही आहे.

बरीच मुलं दिवसा गावच्या जिल्हा परिषद शाळेत जातात आणि संध्याकाळी संस्थेत परततात. शाळेच्या वेळात त्यांना शाळेचे सगळे नियम लागू असतात. धोका बहुतेक वेळा रात्रीचा असतो.

मग धार्मिक संस्थेला कायद्यातून सूट आहे का?

अभ्यासक्रमापुरती आहे. मुलाच्या अंगाला हात लावण्याच्या बाबतीत कणभरही नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल यात येतं, मुलगा असो वा मुलगी. सतरा वर्षांच्या मुलीनं किंवा मुलानं होकार दिला होता, हा बचाव इथं चालत नाही. लैंगिक हेतूनं केलेला स्पर्श हा गुन्हा आहे. अश्लील बोलणं, हावभाव, मोबाइलवर घाण व्हिडिओ दाखवणं हाही गुन्हा आहे. कपड्यावरून केलेला स्पर्श गुन्हा होतो का, असा घोळ जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या एका निकालानं झाला होता. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निकाल रद्द केला. पाहायचा तो हेतू, मध्ये कापड होतं की नव्हतं हे नाही, असं न्यायालयानं ठरवलं.

सूट तर दूरच, धार्मिक संस्थेसाठी या कायद्यात जास्त कडक तरतूद आहे. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या अथवा नोकरीतल्या माणसानं तिथल्याच मुलावर अत्याचार केला तर तो गुन्हा आपोआप वरच्या दर्जाचा होतो. अशा लैंगिक स्पर्शाला पाच ते सात वर्षं कैद आहे. शरीरसंबंधापर्यंत गेलेल्या अत्याचाराला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान वीस वर्षं सक्तमजुरी, आणि पुढं मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशीही होऊ शकते. ज्याच्यावर मुलाचा सर्वात जास्त विश्वास, त्याची जबाबदारी सर्वात मोठी, असा हिशेब संसदेनं मांडला.

छडी, कोंबडा करणं, उपाशी ठेवणं, भिंतीकडं तोंड करून तासन्‌तास उभं करणं याचंही उत्तर आहे. शिक्षण हक्क कायदा लागू नसला तरी बाल न्याय अधिनियमाचं कलम 75 लागू आहे. मूल ज्याच्या ताब्यात दिलंय त्या संस्थेतल्या माणसानं क्रूरपणा केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे घडतं तरी कसं, आणि मूल सांगत का नाही?

अंधाऱ्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस आपल्या डोळ्यासमोर असतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 साली तेरा राज्यांत केलेल्या मोठ्या पाहणीत निम्मे अत्याचार करणारे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले. विश्वासातला माणूस जबरदस्तीनं सुरुवात करत नाही. तो आधी मुलाला निवडतो. बहुतेक वेळा असं मूल, ज्याला भेटायला कोणी येत नाही. त्याला चांगली चटई मिळते, प्रसादाचा जास्तीचा लाडू मिळतो, भजनात पुढची जागा मिळते. चार मुलांत त्याचं कौतुक होतं. मग कधीतरी रात्री हाक येते, "बाळा, पाय चेपायला ये."

गुरुसेवा ही आपल्या परंपरेतली मोठी गोष्ट आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. म्हणूनच तिच्या आडून काय होऊ शकतं हे उघडपणे बोलायला हवं. पाय चेपणं, अंगाला तेल लावणं, खोलीत अंथरूण घालून तिथंच झोपणं ही कामं अल्पवयीन मुलाकडून बंद दाराआड करून घ्यायची कोणालाच गरज नाही. सेवा करायचीच तर अंगण झाडावं, पालखीपुढं पताका धरावी, पंगतीत वाढावं. ही सगळी सेवा चारचौघांत होते.

पहिल्या वेळी मूल गोंधळतं. हे सेवेचाच भाग आहे का, असं त्याला वाटतं. दुसऱ्या वेळेपर्यंत त्याच्या मनात लाज बसलेली असते. तिसऱ्या वेळी धमकी येते, आणि ती इथं वेगळ्या जातीची असते. "कुणाला बोललास तर विद्या जाईल." "गुरूचा शाप लागेल, आई आजारी पडेल." बारा वर्षांच्या मुलाला हे शंभर टक्के खरं वाटतं. अलौकिक शक्तीची भीती घालून धमकावणं आणि त्या नावाखाली लैंगिक शोषण करणं महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. सहा महिने ते सात वर्षं कैदेची तरतूद त्यात आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला आणि त्यांच्या खुनानंतर जो आला, तो हाच. अशा प्रकरणात पोक्सोबरोबर हेही कलम लावायला पोलिसांना सांगता येतं.

मूल सांगत नाही याचं आणखी एक साधं कारण फोन आहे. बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एकदा कार्यालयातल्या फोनवरून बोलायला मिळतं. स्पीकर चालू असतो, शेजारच्या खुर्चीत व्यवस्थापक बसलेला असतो. पलीकडून आई फडावरून ओरडून विचारते, "जेवलास का रे?" मूल म्हणतं, "हो." "बरं वाटतंय ना तिथं?" "हो." दोन मिनिटांत फोन संपतो. त्या दोन होकारांवर आईला पुढचा आठवडा काढावा लागतो.

ऑस्ट्रेलियात 2013 ते 2017 या काळात एका शाही आयोगानं संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचाराची चौकशी केली. आठ हजारांहून अधिक लोकांनी आयोगासमोर बंद खोलीत आपली हकीकत सांगितली, आणि अत्याचार कुठल्या संस्थेत झाला हे सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी धार्मिक संस्थेचं नाव घेतलं. अत्याचार झाल्यापासून ते पहिल्यांदा कुणाला तरी सांगेपर्यंत सरासरी 23.9 वर्षं गेली होती. तेव्हा "इतक्या दिवसांनी का बोलतोय, आधी का नाही सांगितलं?" असं कुणी विचारलं तर हा आकडा ध्यानात ठेवा. आपल्याकडेही गंभीर गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नाही. तीन वर्षांहून जास्त शिक्षा असलेला गुन्हा उशिरा कळवला म्हणून बाद होत नाही.

"नुसता संशय आहे, पुरावा कुठाय?"

गावात सर्वात जास्त ऐकू येणारा प्रश्न हाच. उसाच्या फडातून धूर निघताना दिसला तर विडी कुणी टाकली याची चौकशी करत आपण बांधावर बसत नाही. आधी हाक मारतो. कारण नंतर शोधलं जातं. पोक्सोचं कलम 19 हेच सांगतं. गुन्हा झालाय हे माहीत असलेल्या किंवा तो घडेल अशी भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीनं पोलिसांना कळवलं पाहिजे. पुरावा गोळा करणं पोलिसांचं काम आहे.

"कोणत्याही व्यक्तीनं" यात स्वयंपाकीण आली, पखवाज शिकवणारा आला, शेजारचा दुकानदार, जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, गावचा डॉक्टर आणि विश्वस्तही आले. धर्मगुरूला यातून वगळलेलं नाही. माहीत असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षभरापर्यंत कैद आणि दंड. मुलानं स्वतः सांगितलं नाही म्हणून त्याला मात्र कधीच शिक्षा होत नाही.

हे कलम कागदावर पडून नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण होतं. तपासणाऱ्या डॉक्टरनं माहीत असून पोलिसांना कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयानं डॉक्टरवरचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि कळवणं टाळणं हा स्वतःच गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं.

म्हणून "महाराजांना समज देऊ", "मौलानांची बदली करू", "फादरना दुसऱ्या गावी पाठवू", "पंच बसून मिटवू" या वाटा कायद्यानं बंद आहेत. बदली झालेला माणूस नव्या गावात जातो आणि तिथल्या मुलांना त्याचा इतिहास माहीत नसतो. जगभरच्या चर्चमधल्या प्रकरणांत नेमकं हेच पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं.

"खोटी तक्रार करून कुणी चांगल्या माणसाला अडकवलं तर?"

ही भीती रास्त आहे आणि कायद्यानं तिची दखल घेतली आहे. बदनामीसाठी, खंडणीसाठी किंवा धमकावण्यासाठी मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे. पण प्रामाणिकपणे कळवलं आणि तपासात काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. हा फरक गावच्या बैठकीत मोठ्यानं सांगायला हवा, कारण लोक या भीतीनंच गप्प राहतात.

चांगल्या शिक्षकाला स्वतःला वाचवायचं असेल तर सर्वात सोपा उपाय दार उघडं ठेवण्याचा आहे. शिकवणी सगळ्यांच्या नजरेसमोर, मुलांची झोपायची जागा वेगळी, आणि एकट्या मुलाला खोलीत बोलावणं पूर्ण बंद. हा नियम मुलाला जपतो आणि निर्दोष शिक्षकालाही.

"आमच्याच धर्माच्या मागे का लागलात?"

कुणा एका धर्माची ही गोष्ट नाहीच. आसारामला एप्रिल 2018 मध्ये जोधपूरच्या न्यायालयानं जन्मठेप दिली. पीडित मुलगी त्याच्या छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकत होती. केरळातल्या कोट्टियूरच्या कॅथलिक धर्मगुरूला फेब्रुवारी 2019 मध्ये पोक्सो न्यायालयानं दोषी ठरवलं. केरळातच मदरशाच्या शिक्षकांनाही पोक्सोखाली शिक्षा झाल्या आहेत. आळंदीतल्या काही खासगी वारकरी शिक्षण संस्थांच्या प्रकरणांतही गुन्हे दाखल झाले आहेत. बंद दार, प्रश्न न विचारता येणारा मोठा माणूस आणि घरापासून तुटलेलं मूल या तीन गोष्टी जिथं एकत्र येतात तिथं धोका वाढतो, मग भिंतीवर तसबीर कुणाचीही असो.

निवासी शिक्षणावर माझा राग नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह उभं केलं आणि सर्व जातीधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली. आज आपल्या भागात जी शिकलेली पिढी दिसते तिच्यामागे अशी वसतिगृहं आहेत. ती विश्वासाच्या लायक राहावीत म्हणूनच हे बोलायचं.

"मुलगा आहे, त्याला काय होतंय?"

2007 च्या त्याच पाहणीत 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. मुलींच्या बाबतीत आपण निदान सावध तरी असतो. मुलग्याला एकटं कुठंही पाठवतो, आणि त्यानं काही सांगितलंच तर चेष्टा होईल या भीतीनं तो बोलत नाही. धार्मिक निवासी संस्थांत मुलगेच जास्त असतात, हे इथं विसरून चालणार नाही.

तक्रार केली तर पुढं काय होतं?

1098 हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे. 112 वरही कळवता येतं, किंवा सरळ पोलीस ठाण्यात जाता येतं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि साध्या कपड्यांत. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. पोलीस, दवाखाना, कोर्ट या सगळ्या फेऱ्यांत मुलाबरोबर राहील असा माणूस समिती नेमून देऊ शकते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची असते. तातडीचे उपचार करण्याआधी कोणताही दवाखाना पोलिसांचा कागद मागू शकत नाही.

घटना ताजी असेल तर मुलाला अंघोळ घालू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. मुलाला पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावू नका आणि मोबाइलवर त्याचा व्हिडिओ तर अजिबात काढू नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही," एवढं पहिल्यांदा म्हणा.

बदनामीच्या धाकानं अनेक घरं मागं सरतात. मुलाचं नाव, घर, शाळा, गाव, ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा दाखवणं गुन्हा आहे. व्हॉट्सअॅपवर नाव फिरवणारेही यात अडकू शकतात. सुनावणी बंद खोलीत होते, आरोपी मुलाच्या नजरेसमोर येणार नाही याची व्यवस्था करायची असते, आणि आरोपीचा वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाही, ते न्यायाधीशांमार्फत जातात. खटला शक्यतो वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, हे आधीच मनाशी धरून चालावं. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत आर्थिक मदत मिळते, तिचा अर्ज लगेच करावा.

मूल ठेवायच्या आधी काय विचारायचं?

विचारायला लाजू नका. मुलांची आणि मोठ्यांची झोपायची जागा वेगळी आहे का? कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झालीय का? पोक्सोच्या 2020 च्या नियमांनुसार मुलं राहतात त्या प्रत्येक संस्थेला ती ठराविक काळानं करावी लागते, त्यामुळे "आमच्याकडे तशी पद्धत नाही" हे उत्तर चालणार नाही. न कळवता भेटायला आलं तर चालेल का? मूल एकट्यानं फोनवर बोलू शकतं का? 1098 भिंतीवर लिहिलाय का? चांगल्या संस्थेचा माणूस या प्रश्नांना दुखावत नाही, स्वतःहून खोल्या दाखवतो. जो चिडतो, श्रद्धेचा विषय काढतो, तिथं मूल ठेवू नका.

ठेवल्यावर लक्ष मुलावर असू द्या. सुट्टी संपत आली की पोटात दुखणं, पुन्हा अंथरूण ओलं व्हायला लागणं, ठरावीक माणसाचं नाव निघताच गप्प होणं, वयाला न शोभणारं काही बोलणं. याची दुसरी कारणंही असतात. पण "नाटक करतोय" म्हणून त्याला परत एसटीत बसवण्याआधी एक दिवस थांबा आणि शांतपणे विचारा.

गावातही एक यंत्रणा आहे. ग्राम बाल संरक्षण समितीत सरपंच असतात, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटीलही असतात. पुष्कळ गावांत ती नावालाच असते. गावात निवासी धार्मिक संस्था असेल तर समितीनं वर्षातून काही वेळा तिथं जाऊन मुलांशी बोलावं, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो.

शेवटची अडचण शिक्षणाची. तक्रार केली की वर्ष वाया जाईल, दाखला अडवून ठेवतील, अशी भीती घरच्यांना असते. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही जिल्हा परिषद शाळेत प्रवेश द्यावाच लागतो. जुन्या शाळेचा दाखला आला नाही या कारणावरून तो अडवता येत नाही. आईबाप गावात नसतील तर मुलाच्या राहण्याची सोय कुठं करायची, हे बाल कल्याण समिती ठरवते. पोलिसांत जाताना हेही त्याच दिवशी समितीसमोर मांडा, म्हणजे मूल पुढच्या आठवड्यात वर्गात बसू शकेल.